आग्रहावाचून घेतलेलं नाव

"मग उखाण्यालासुद्धा कविताच म्हणायचं का, आक्का?" अवंतीने हसत विचारलं.

मठाच्या ओसरीवर गोदाक्का तूर निवडत होत्या. कुणी काही विचारलं, की हातातलं काम न थांबवता त्या उत्तर देत. आज मात्र त्यांनी नुसता एक खडा वेचून अंगणात टाकला.

अवंतीने आपला नवा कवितासंग्रह त्यांच्यापुढे ठेवला.

"आमची कविता वेगळी, आक्का. तिला यमक लागत नाही, वृत्त लागत नाही. प्रेम सरळ सांगते ती. माणसांना बदलते, घरांना बदलते."

"वाच की."

अवंतीने वाचलं,

"तू आलास
आणि आमच्या भिंतीला
पहिल्यांदा दार असल्याचं आठवलं..."

"छान आहे गं," आक्का म्हणाल्या. "हा 'तू' कोण?"

"कवितेत नाव नसतं, आक्का. तू म्हणजे... कुणीही."

"कुणीही? मग रविवारी तुला बघायला येतोय, तो का?"

अवंतीने पुस्तक मिटलं.

"तो नाही... दुसरा आहे. आपल्यातला नाही. घरी माहीत नाही."

"पुस्तक वाचलं ना घरच्यांनी?"

"बाबांनी गल्लीभर पेढे वाटले."

आक्कांचा हात थांबला.

त्यांचे यजमान जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. 'नाव घ्या' म्हणून कुणी आग्रह केला नव्हता.

त्यांनी सूप बाजूला सारलं. पदर सारखा केला. नव्या नवरीसारख्या ताठ बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बत्तीस वर्षं पदराला बांधून ठेवली गाठ,
वामनरावांचं नाव घेते, बघत नाही आग्रहाची वाट."

अंगण झाडणारी हौसाबाई केरसुणी धरून तशीच उभी राहिली.

...

अवंती पुटपुटली,

"सुगत."

"मला कमी ऐकू येतं, बाई."

"सुगत!"

"हं... आणि तुझ्या बाबांचे कान कसे आहेत?"

अवंती उठली. पायात चपला सरकवल्या. पायरीपर्यंत गेली, आणि वळली.

"रविवारची वाट बघत नाही. आत्ताच जाऊन सांगते. पण आक्का... सांगू कसं? शब्दाला शब्द जुळत नाही."

आक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुमच्यात यमक लागत नाही म्हणालीस ना?"