सात पांढरे झगे

फार पूर्वी, चर्चच्या घंटेवर सगळ्या गावाच्या चुली पेटायच्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात चर्चला लागून एक लहानशी शाळा होती आणि शाळेच्या लाकडी कपाटात सात पांढरे झगे होते. वर्षातून एकदा, सणाच्या रविवारी, पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींनी ते घालायचे आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत द्यायचे. गाव लहान, त्यामुळे वर्षाला सातच्या वर मुली कधी झाल्या नाहीत. आया, मावश्या, आज्या, सगळ्या त्याच झग्यांतून देवासमोर गेल्या होत्या.

झगे मुद्दाम लांब शिवलेले होते. कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. मग आईनं लेकीच्या उंचीप्रमाणे तो खालून दुमडायचा, टाके घालायचे आणि सण झाला की उसवायचे. कात्री लावायची नाही, एवढा एकच नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कुणी मोडतही नव्हतं.

ब्रिजितनं तो मोडला. तिची सेलीन आठ वर्षांची, पण दिसे पाचाची. शाळेत तिला सगळे 'चिमटी' म्हणत. झगा दुमडता दुमडता घडी कमरेपर्यंत आली आणि पोर उशी गुंडाळल्यासारखी दिसू लागली. एक दिवस तरी माझी लेक नीट दिसू दे, असं स्वतःशी म्हणत ब्रिजितनं दीड वीत कापड कापून टाकलं. सेलीन खरंच सुरेख दिसली. झगा इतर झग्यांच्या तळाशी परत गेला. उरलेल्या पट्टीनं ब्रिजित मरियामातेची तसबीर पुसत राहिली, चिंधी विरून जाईपर्यंत.

पुढच्या वर्षी सात मुली होत्या आणि तो झगा चिठ्ठीत पावलीनला निघाला. तिनं घातला तर गुडघे उघडे. सर्वांत ठेंगण्या मुलीला घालून पाहिला, तिच्याही पोटऱ्या दिसत होत्या. शाळेच्या ओट्यावर आया टाके घालत बसल्या होत्या, ब्रिजितही मदतीला आली होती. शाळेच्या सिस्टरनी झग्याचा काठ निरखला, पण बोलल्या नाहीत. बायका बोलल्या. धुऊन आटला असेल, उंदरानं खाल्ला असेल. उंदीर सरळ रेषेत कुरतडतो, हेही एकीनं मान्य करून टाकलं. ब्रिजितनं मान डोलावली आणि सुई बोटात टोचून घेतली.

पावलीनची आई कार्मेल हसून लेकीला म्हणाली, "झग्याचा काय दोष गो? तूच ताडासारखी वाढतेस."

ती चेष्टाच होती. पोरीनं मात्र मनाला लावून घेतली. वेदीपर्यंत रांगेनं चालण्याचा सराव सुरू झाला, तशी ती गुडघे वाकवून चालू लागली. तेवढाच झगा खाली येई. पोरं 'बदक, बदक' म्हणून हसली. ती तशीच चालत राहिली.

त्या संध्याकाळी घरच्या जपमाळेत ब्रिजितचे मणी दोनदा चुकले. तसबीर तेवढी लख्ख होती.

शनिवारी मुलांचं पहिलं पापनिवेदन होतं, जाळीआडून एकेकानं फादरना आपली पापं सांगायची. चर्चच्या दाराशी रांग लागली. पावलीन देवाच्या दहा आज्ञा आठवत बोटांवर आपली पापं मोजत होती. एका बोटावर ती अडली आणि शेजारून जाणाऱ्या ब्रिजितला तिनं हळूच विचारलं,

"मावशी, उंच वाढणं कितव्या आज्ञेत येतं?"

"का गो?"

"फादरना सांगायचंय. उद्यापर्यंत माफ झालं तर बरं."

ब्रिजितला पोरीकडे बघवेना. जाळीआडून फादरच्या कानात सांगणं सोपं होतं, पण ते या पोरीला ऐकू गेलं नसतं. तिनं पावलीनचा हात धरला, ओट्यावर सगळ्या आयांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "झगा मी कापला. माझ्या सेलीनसाठी. पावलीनची उंची बरोबर आहे."

कार्मेलनं लेकीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "उंदीर परवडला गो. त्याच्या घरी कात्री नसते."

तेवढं ऐकून घेऊन ब्रिजित खाली बसली आणि तिनं उरलेले सहा झगे मागितले. सगळे पावलीनच्या झग्याएवढे दुमडून देते, म्हणाली. एकीनं कुरकूर केली, आमच्या मुलींनी का म्हणून गुडघे दाखवायचे? तोवर पावलीन अंगणात पाय सरळ टाकून चालून बघत होती. तिच्याकडे पाहून त्या बाईनंच आपला झगा आधी पुढे सरकवला. दिवस मावळायच्या आत सहाही झाले.

रविवारी सात मुली आखूड झग्यांत वेदीपर्यंत गेल्या. कुणी हसलं नाही. हसायला कुणी वेगळं दिसतच नव्हतं.

पण कापलेला झगा काही पुन्हा लांब झाला नाही. दरवर्षी सहा झगे त्याच्या मापाला दुमडावे लागले. ते काम ब्रिजितनं मागून घेतलं आणि सुईचं नेढं दिसेनासं होईपर्यंत केलं. हळूहळू गाव विसरलं. नव्या सुना विचारत, एवढं कापड आत कशाला दुमडलंय? म्हाताऱ्या ठासून सांगत, आपल्याकडे झगा आखूडच असतो, जुनी रीत आहे. ब्रिजित तेवढी बोलत नसे. पायघोळ झग्यांतल्या सात मुली आणि फरशीवरून जाणारी त्यांची ती सळसळ, हे आता तिच्या एकटीच्याच आठवणीत उरलं होतं.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, जे सगळ्यांचं आहे त्याला आपल्या मापाची घडी खुशाल घालावी, कात्री मात्र लावू नये.