पगडी कुणाची?

राजाचं नाव विक्रमपाल होतं की विजयपाल, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. ऐकलं तेव्हा नीट ऐकलं होतं, पण नावं निसटतात. पगडी पिवळी होती, एवढं मात्र पक्कं आठवतं. निदान तसं वाटतं. आणि सगळा घोळ त्या पगडीनंच घातला!

दसऱ्याच्या दरबारात हैबती सोंगाड्या ती घालून आला. हातभर उंच पगडी! म्हणाला, "एक होते बडे असामी. पगडी एवढी उंच, की घराच्या दारातून आत जाईना. बायको म्हणाली, 'अहो, जरा वाका.' असामी गरजले, 'मी वाकू? दार मोडा!' दार मोडलं. मग गेले देवळात. तिथं चौकट दगडाची! असामी बाहेरूनच ओरडले, 'देवाला म्हणावं, तूच बाहेर ये!'"

दरबार पोट धरधरून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिघे जण तोंड फुगवून राजापुढं उभे!

"विनोद माझ्यावर होता!" दिवाण म्हणाले. "गेल्याच महिन्यात मी दार मोठं करून घेतलं."

"छे, माझ्यावर!" कोतवाल म्हणाले. "देवळात मी वाकत नाही. माझी कंबर धरते!"

"तुमचं काय घेऊन बसलात?" राजवैद्य फणकारले. "बायकोचं न ऐकणारा मीच. सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

राजा वैतागला. त्यानं हैबतीला बोलावलं. "उद्या याच पगडीत नवा विनोद सांग. सगळे हसले पाहिजेत आणि कुणालाही लागता कामा नये! एकालाही लागलं, तर घुंगरू इथंच सोडायचे आणि बिऱ्हाड उचलून वेशीबाहेर व्हायचं!"

हैबती घरी येऊन मटकन बसला. त्याची सून सारजा झगा उसवत होती. सोंगाचे सगळे कपडे तिच्याच हातचे.

"मुंगीवर विनोद सांगतो," हैबती म्हणाला.

"कोतवाल म्हणतील, माझ्या शिपायांना मुंग्या म्हणाला."

"मग दगडावर!"

"दिवाणांना लागेल. डोकं, मामंजी, डोकं!" सारजा खुदकन हसली.

"मग बोलू तरी कशावर? सोंग सोडून मला दुसरं येतं काय? या वयात नांगर धरू?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

सारजाचं हसू मावळलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या आपल्या लेकीला सांगत होत्या, "काय बाई, काही घरांत बायका नुसत्या बसून हसतात!" लेक निवांत शेंगा सोलत राहिली. कान तापले ते सारजाचे! पण त्याच क्षणी तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं पगडी मांडीवर ओढली आणि सुईत दोरा ओवला.

"उद्या मी येते बरोबर, मामंजी!"

दरबार भरला. सारजा पदर सावरून पुढं झाली. "महाराज, नवा विनोद मागून. आधी जुन्याचं मिटवू. मामंजी माफी मागायला तयार आहेत, पण असामी एक आणि रुसलेले तीन! ज्याच्या डोक्याला ही पगडी बसेल, त्याच्या पायांवर ते डोकं ठेवतील."

दिवाणांचं डोकं कलिंगडाएवढं. पगडी चपखल बसली! "बघा, माझीच!" सारजानं ती काढून कोतवालांच्या नारळाएवढ्या डोक्यावर ठेवली, जराशी सारखी केली. चपखल! राजवैद्यांचं डोकं म्हणजे सुपारी. तिथंही चपखल!

"माझी!" "सोडा, माझी!" तिघांची ओढाताण सुरू झाली.

राजाला राहवेना. "आण इकडे!"

सारजानं ती त्याच्या डोक्यावर ठेवून सारखी केली. बसली की!

"म्हणजे असामी मी की काय?" राजानं डोळे वटारले.

"ते मला काय ठाऊक, महाराज? आमच्या सासूबाई लेकीला बोलतात आणि लागतं मला. विनोद कुणावर, ते ज्याला लागेल त्यालाच विचारावं!"

राजानं आरसा मागवला. "दिसते मात्र झकास! थांबा, राणीसाहेबांना दाखवून येतो." तो झपाझप आतल्या दाराकडे निघाला आणि खट्! पगडी चौकटीवर आदळली, पाठोपाठ कपाळ.

"कोण आहे रे तिकडे? हे दार..." राजाची जीभ तिथंच अडली.

"मोडायचं का, महाराज?" सारजानं विचारलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. दिवाणच! मग काय, कोतवाल हसले, वैद्य हसले, भालदार-चोपदारसुद्धा हसले.

राजा कपाळावरचं टेंगूळ चोळत वळला. "सगळे हसलात! पण अट मोडली. मला लागलं!"

हैबतीनं सोडायला घुंगरांची गाठ धरली.

"लागली ती चौकट, महाराज!" सारजा म्हणाली. "ती होती तिथंच होती. डोकं महाराजांनी नेलं!"

राजा उंबऱ्यावरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "आणि तुमचं काय? कुणाला लागलं का?" त्यानं त्या तिघांना विचारलं.

"छे छे! मुळीच नाही, महाराज!"

हैबतीला चांदीचे घुंगरू मिळाले आणि दर दसऱ्याच्या सोंगाचा मान. सारजाला मिळाली सोन्याची सुई. पगडीही राजानं तिलाच परत दिली आणि मग तो वाकून आत गेला.

पुढं कित्येक वर्षांनी त्या सोंगाड्यांच्या घरी ती पगडी हातात घेऊन खात्री करून घेता आली. पिवळी कसली, चांगली जांभळी होती! आतल्या अस्तरात बारीक टाक्यांनी ओवलेली एक नाडी होती. ओढली, की पगडी वाटेल त्या डोक्याला बसे. पाहायला गेलेल्याच्या डोक्यालाही बसली. चपखल!