मदारची ओंजळ

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. बोरखडीत ज्याला विचाराल तो आपल्या आज्याच्या आज्यापर्यंत नेऊन सोडतो. त्या काळी मदारसाब नावाचा एक विहिरी खणणारा होता. तो जमिनीला कान लावायचा आणि खालचं पाणी त्याला हाक मारायचं, असं म्हणतात.

त्या साली बोरखडीचं तळं आटलं. नदीतले झरेही गेले. गावानं ठरवलं, अक्षय तृतीयेपर्यंत पाणी लागलं तर लागलं, नाहीतर गाव उठवायचं. मग मदारला बोलावणं गेलं. तो आपली बायको मलनबी हिला घेऊन आला, शिवारभर फिरला, एका जागी आडवा पडला आणि म्हणाला, इथे. खणायला सुरुवात झाली आणि रमजानचा चांद दिसला.

पाटलाची म्हातारी आई, भागाई, हिचा जीव मोठा आणि तोंड त्याहून मोठं. मदारचा उपवास आहे हे कळताच तिनं भर दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक पाठवून दिलं. मदारनं ते हात जोडून परत पाठवलं. भागाई तरातरा विहिरीवर आली. उपवासाचंच आहे, चालतं की, म्हणाली. मदारनं समजावलं की रोजात सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा चालत नाही. भागाईनं कपाळाला हात लावला. हरतालिकेचा निर्जळी उपवास तिनंही जन्मभर केला होता, पण तो एक दिवसाचा, तोही सावलीत बसून. वैशाखाच्या तोंडावर महिनाभर पहार चालवायची आणि घोटभर पाणी प्यायचं नाही, हे तिला देवाचं काम वाटेना. तिनं बजावलं, एकतर पाणी पी, नाहीतर ईद झाल्यावर खण.

पण ईद झाली की दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया, आणि मग गाड्या जुंपायच्या. लोकांनी तिला ते सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "गाव उठलं तर उठू द्या. माणूस मारून मिळालेलं पाणी मला नको."

मलनबीचंही मन भागाईकडेच झुकत होतं. अल्लानं प्रवाशाला सूट दिली आहे, राहिलेले रोजे नंतर धरता येतात, असं ती त्याला रोज सांगायची. मदार ऐकून घ्यायचा आणि दोर धरून खाली उतरायचा.

"सूट आहे, ते मला ठावं हाय," तो एकदा म्हणाला. "पर तहान लागली की मला पाणी ऐकू येतं. रोजा माझा, विहीर तुमची. मी दोन्ही सोडणार न्हाई."

हट्टी माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मदार खणत राहिला. खाली काळा पाषाण लागला, पहारीची टोकं बोथट झाली, त्याचे ओठ फुटले. वरून लोक टोपल्या ओढायचे आणि मनात म्हणायचे, आज काही हा वर येत नाही. पण तो यायचा.

अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली. सूर्य कासराभर वर होता. मदारनं पाषाणाला कान लावला, बराच वेळ तसाच राहिला, मग एक घाव घातला. पाणी फुटलं. त्याच्यात दोर धरून चढायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून पाण्यानंच त्याला उचलून काठापर्यंत आणलं, असं म्हणतात. वर येता येता पाणी त्याच्या हनुवटीला लागलं, मग ओठांना लागलं, आणि ओठ मिटलेलेच पाहून तिथेच थांबलं.

गाव नाचायला लागलं. पण घागर कुणी बुडवली नाही. बोरखडीची रीत होती, नव्या विहिरीची पहिली ओंजळ खणणाऱ्याची. ती मोडली तर पाणी परत पाताळात जातं. लोक पाण्याकडे पाहत होते, मदार सूर्याकडे. तान्ही लेकरं रडत होती. कुणी चिडून म्हणालं, याच्या रोजापायी गाव मरायचं का? भागाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पी रे बाबा, ती म्हणाली.

मदारनं ओंजळ भरली. तो कुंभाराच्या सुनेपाशी गेला आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या ओठांना ओंजळ लावली.

"पहिली ओंजळ माझी न्हवं? मग कुणाला पाजायची ते मी ठरवणार. लेकरास्नी रोजा नसतो."

रीत राहिली आणि रोजाही राहिला. घागरी धडाधड बुडाल्या, पोरं पोटभर प्यायली. भागाईनं तांब्या भरून तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"ज्यानं खणली त्यो कोरडा, आन् मी पिऊ? माज्या नरड्याखाली न्हाई उतरायचं."

ती मलनबीशेजारी मातीच्या ढिगावर बसली. तिला पाहून पाटलानं भांडं ठेवलं, मग एकेकानं. एकजण झाडाआड जाऊन गटागटा प्यायला, असंही म्हणतात, पण त्याचं घराणं अजून गावात आहे, तेव्हा नाव नको. मध्येच ढग आला, सूर्य दिसेना. झालं, बुडाला, असं कुणी म्हणालं. मदारनं मान हलवली. कुणीही भांडं उचललं नाही. महिनाभर जे भागाईला वेडेपण वाटत होतं, ते समोर भरलेला तांब्या ठेवून बसल्यावर तिला कळलं, आणि मदारची तिला फार माया आली. सूर्य बुडाला तेव्हा तिनंच त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

आता बोरखडीत नळ आले. तरी रमजानात सूर्य कासराभर राहिला की मोठी माणसं मदारच्या विहिरीवर येऊन बसतात आणि पाण्याला हात लावत नाहीत. सूर्य बुडाला की पाटलाच्या घरची बाई घागर शेंदते आणि रोजेदाराच्या ओंजळीत पहिली धार धरते. एका साली गावातली रोजेदार घरं पोटापाण्यासाठी शहरात गेली होती. तरी लोक येऊन बसले. सूर्य बुडाला, पाटलाच्या सुनेनं घागर शेंदली आणि आता कुणाला पाजायचं म्हणून ती थांबली. तेव्हा तिथे बसलेल्या सगळ्यांनीच ओंजळी पुढे केल्या.