वकीलसाहेबांचा मोठा डबा

दिरानं बळकावलेल्या घरासाठी सुभद्राबाई खरमाटे सात वर्षं तालुक्याच्या कोर्टात खेटे घालत होत्या. त्या दिवशी तारखेआधी समोरच्या किराणा दुकानात त्यांनी चहापत्तीची एक पुडी आणि तेलाची लहान पिशवी घेतली. रोजच्या मजुरीत तेवढंच बसायचं. तेवढ्यात त्यांचे वकील रणपिसे सुपारी घ्यायला आले. दुकानात चार माणसं पाहून त्यांना उपदेशाचा उमाळा आला.

"बाई, पुड्यापुड्यांनी कुठं संसार होतो? रोजचा हेलपाटा, वर महाग पडतं ते वेगळंच. एकदाच मोठा डबा घ्यावा. एवढंही कळत नाही?"

लोक हसले. सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "कळतं की, साहेब. पण माझा दावा तर तुम्हीच एकेका तारखेच्या पुडीनं विकताय. दर पुडीला फी निराळी. तुमच्याकडं मोठा डबा असला तर आजच काढा. एकदाच घेऊन जाते."

दुकानदार उगाच तराजू पुसू लागला.

त्या दुपारी रणपिसे वकिलांनी पहिल्यांदाच पुढची तारीख मागितली नाही. ते सलग दोन तास बोलले. महिना संपायच्या आत सुभद्राबाईंनी स्वतःच्या घराचं कुलूप उघडलं.