शेवटची खोली

फार पूर्वी एका टेकडीच्या पोटात साळिंदरे राहत. त्यांचा एक नियम होता आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही, असे तरुण तिखीला लहानपणापासून बजावलेले होते. काटे पांढरे झाले की बिळाच्या शेवटच्या खोलीत बसायचे, आयते मऊ कंद खायचे. बाहेर पडायचे नाही, कारण बाहेर तरस आहे.

आज सगुणाआत्याची त्या खोलीत जायची पाळी होती. तिखी कंद ठेवायला आधी आत गेली आणि जागीच थिजली. म्हातारी साळिंदरे भिंतीकडे तोंड करून एकेकटी बसली होती. दात झिजवायला कुरतडायचे हाड नव्हते, म्हणून ते वाढत वाढत हनुवटीखाली वळले होते. कंद समोर तसेच पडले होते.

ती बाहेर आली. खोलीच्या दाराशी वडीलधारे जमले होते आणि आत्याचे काटे भीतीने खुळखुळत होते.

"चल सगुणा, आराम कर आता," काटे अजून पांढरे न झालेले भिवाआजोबा म्हणाले.

"आराम?" तिखी उसळली. "आतल्यांना विचारा की, बोलता येत असेल तर! तरसानं वर्षभरात एकालाही नेलं नाही, आजोबा. या खोलीनं चौघांना नेलं. आत्या माझ्याबरोबर रानात हाडं कुरतडायला येणार. आतल्यांनाही मी बाहेर काढणार."

ती दारात आडवी उभी राहिली. वडीलधाऱ्यांपैकी कोणी तिला हटवायला पुढे आले नाही. आत्या तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.