ऐकून घेणारी सभा

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते आणि त्याच्या वेशीबाहेर एक मोठे हिरवे कुरण होते. राजघराण्यातली माणसे संध्याकाळी तिथे काठीने चेंडू टोलवत. सकाळी मात्र ते कुरण रंगाऱ्यांचे असे. रंगवलेली ओली लुगडी ते गवतावर पसरत आणि ऊन चढले की सारे कुरण लाल, निळे, हळदी दिसे.

पुढे खेळणारे म्हातारे झाले, त्यांची मुले राजधानीत निघून गेली. तेव्हा एका बड्या व्यापाऱ्याने ते कुरण मागितले. त्याला तिथे श्रीमंतांसाठी घरे बांधायची होती.

मागणी नगरसभेपुढे आली. सभेचा प्रमुख मनाने चांगला माणूस होता. त्याने दवंडी पिटवली, "ज्याला काही सांगायचे असेल त्याने यावे. प्रत्येकाचे ऐकून घेतले जाईल."

रंगारी आळीतला केरबा आला. सोबत त्याची बायको सई आणि सगळी आळी आली. केरबाला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तो कसाबसा म्हणाला, "मायबाप, तिथं घरं नकोत. कापड वाळवायला दुसरी जागा नाही आम्हाला. कुरण गेलं तर आळी उठेल."

प्रमुखाने मन लावून ऐकले आणि व्यापाऱ्याला सांगितले, "घरे फार आहेत. थोडी कमी करा."

व्यापाऱ्याने आनंदाने मान डोलावली.

पुढच्या सभेला केरबा पुन्हा आला, पुन्हा तेच बोलला. या वेळी प्रमुखाने घरांभोवतीच्या कुंपणाची भिंत बुटकी करायला लावली.

तेव्हा सईला राहवले नाही. "अहो, भिंत बुटकी झाली म्हणून लुगडं वाळतं का?"

सभा हसली. प्रमुखही हसला, आणि घरांपुढच्या रस्त्याला सावलीची झाडे लावावीत अशी आणखी एक अट त्याने घातली.

शेवटी परवानगी दिली गेली. लोक उठू लागले तेव्हा प्रमुख केरबाजवळ आला. "तुझ्या सांगण्यावरून किती बदल केले, पाहिलेस ना?"

"पाहिले, मालक," केरबा म्हणाला. "पण आम्ही एकच गोष्ट मागत होतो. ती द्यायची नाही हे ठरलंच होतं, तर पहिल्या दिवशीच सांगायचं होतंत. तेवढ्या दिवसांत दुसरीकडे कुठं जागा तरी शोधली असती."

प्रमुख सभेचे कागद गोळा करू लागला.

कुरणावर घरे उभी राहिली. रंगारी आता आळीच्या बोळात दोऱ्या बांधून कापड वाळवू लागले. बोळात ऊन येत नव्हते. कापडाला कुबट वास येई, रंग डागाळत. गिऱ्हाईक तुटले. एकेक घर बंद होत गेले. सईने रंगाचे रांजण अंगणात उपडे घातले आणि मागे न पाहता नवऱ्याबरोबर चालू लागली. ती दोघे कुठे गेली ते कोणालाच कळले नाही.

काही वर्षांनी त्याच व्यापाऱ्याने नगराचा तलाव बुजवून घरे बांधायला मागितला. सारे नगर त्याचे पाणी पीत असे, प्रमुखही. या वेळी तो मनातून हादरला. नाही म्हणायचे त्याने ठरवले. पण एकट्याने नाही म्हणायचा त्याला धीर होईना. लोक विरोध करतील, मग आपण त्यांच्या बाजूने उभे राहू, असे त्याला वाटले. त्याने दवंडी पिटवली.

सभेच्या वेळी सभागृहात नगरातले कोणीही आले नाही.

तो स्वतः दारोदार गेला. "या हो, बोला काहीतरी! तलाव जाईल!"

एक कुंभार चाकावरून मान वर न करता म्हणाला, "येऊन काय करू? तुम्ही नीट ऐकून घ्याल आणि घाटाच्या पायऱ्या थोड्या रुंद करायला लावाल."

पुढच्या घराचे दार उघडलेच नाही.

शेवटी तशीच सभा भरली. व्यापारी उभा राहिला. "कोणाची हरकत?" प्रमुखाने विचारले. त्याचा आवाज रिकाम्या बाकांवरून फिरून त्याच्याकडेच परत आला. बाकीचे सभासद घरी जायची वाट पाहत होते. त्याने आणखी एकदा विचारले, आणि मग परवानगीवर मोहोर उमटवली.

तलाव बुजला. पाण्यासाठी लोक वणवण फिरू लागले आणि हळूहळू ते नगरही ओस पडले.

बोध : जिथे नकार मानायचाच नसतो, तिथे लोकांचे ऐकून घेणे हा न्याय नव्हे, त्याने लोकांचा आवाज मात्र कायमचा मरतो.