तुळशीशेजारच्या कुंड्या

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगते. जांभळ्या वेलींचे शेंडे कुणीतरी खुडतंय, असं मी घसा फोडून सांगत होते. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आणि मी खरं बोलत होते!

बाग एका वृद्ध माळ्याची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी आणि सगुणा त्यांच्या हाताखाली शिकत होतो. एकदा आबांनी जपानी मॉर्निंग ग्लोरीच्या दोन बुटक्या जाती कुंड्यांत लावल्या. आपल्या गारवेलीचीच ही बहीण, सकाळी उमलते, दुपारी मान टाकते. पण बुटकी जात वर चढत नाही. निळ्या फुलाचं बी मी आणलं होतं, जांभळ्याचं सगुणेनं. आबा म्हणाले, "जी खरी बुटकी ठरेल तिचं बी ठेवायचं. दुसरी उपटायची."

दोन महिन्यांत माझी निळी गुडघ्याला आली. सगुणेची जांभळी मात्र वीतभर! वाकून पाहिलं, तर शेंडे ताजे तुटलेले; खुडून खुडून बुटकी ठेवलेली. मग काय, कोळसा घेतला आणि अवजारांच्या खोलीच्या दारावर लिहिलं, 'शेंडे खुडणारी: सगुणा'.

"हौसाकाकू, देवाशपथ, मी हात नाही लावला," पोरगी रडायला लागली.

"रड. रडून शेंडे फुटत नाहीत. आबा, हिला काढा, नाहीतर मी जाते."

आबांनी सगुणेला पंधरा दिवस माहेरी पाठवलं. मग उठले, जांभळ्या रांगेशेजारची तुळशीची कुंडी उचलली आणि निळ्या रांगेशेजारी नेऊन ठेवली. का, ते बोलले नाहीत. म्हाताऱ्याची बुद्धी फिरली, असं मी चारचौघींत बोलून दाखवलं. रागानं मी वेलींकडे बघणंच सोडलं. तुळशीला रोजचं पाणी तेवढं चुकवलं नाही.

सोळाव्या दिवशी सगुणा परत आली. तुळशीला पाणी घालून, मंजिऱ्या खुडून मी वळले, तर काय! जांभळी कमरेपर्यंत वाढून कुंपणावर चढली होती. माझ्या निळीचे शेंडे गायब! आणि सगुणेच्या खांद्यावर अजून गावाकडची पिशवी.

"हौसा," आबा म्हणाले, "मूठ उघड."

उघडली. मंजिऱ्यांत निळीचे तीन कोवळे शेंडे.

"तुळशीपुढे उभी राहतेस, तोंडात स्तोत्र, डोळे मिटलेले," आबा शांतपणे म्हणाले. "मंजिऱ्या संपतात, बोटं थांबत नाहीत. शेजारी कोवळं लागेल ते खुडतात. मी रोज ओट्यावरून पाहत होतो. नुसतं सांगितलं असतं, तर तू मलाही खोटं पाडलं असतंस. शेंडे खुडले जातात, हे तुझं खरंच होतं, बाई. तू सगळ्यांचे हात तपासलेस. दोन तपासायचे राहिले."

खरी बुटकी माझी निळीच निघाली. इतके दिवस तिला हरवत होते ती मीच. आबांनी तिचं बी माझ्यापुढे धरलं, पण घ्यायला हात पुढे होईना.

"घ्या हो काकू," सगुणा म्हणाली. "तुमचंच आहे."

मी आधी दाराशी गेले. पदरानं तिचं नाव पुसलं. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, वेडंवाकडं. 'शेंडे खुडणारी' तसंच ठेवलं, आणि पुढे कोळशानं ठसठशीत लिहिलं: हौसाबाई.